हत्यारांच्या यादीत आधी धारेचा दगड हवा

मा. संपादक,

घरच्या घरी सुतारकाम सुरू करणाऱ्यांसाठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून हत्यारांच्या याद्या छापून येतात. ड्रिल, जिगसॉ, सँडर, पटाश्यांचा (लाकूड तासायच्या चपट्या छिन्न्यांचा) सेट, एखादा रंधा, चार क्लॅम्प. धारेचा दगड त्या यादीत क्वचितच असतो आणि धार कशी लावायची याबद्दल तर अवाक्षरही नसते. नवशिक्याचे पहिले काम बहुतेक वेळा इथेच फसते. पटाशी लाकूड कापायचे सोडून दाबत बसते, रंधा उड्या मारतो, करवत रेघ सोडते, आणि माणसाला वाटते की आपल्या हाताला हे जमणारे नाही. खरे तर हत्यारालाच धार नसते. म्हणून अशी यादी छापताना दगड पहिला असावा, आणि प्रत्येक हत्याराखाली ते कसे पारखायचे, कसे राखायचे हेही द्यावे, अशी विनंती आहे. त्या मजकुरात काय यायला हवे ते इथे लिहितो.

पटाशीपासून सुरुवात करावी, कारण तिच्यावर धार लावता आली की रंध्याचे पातेही जमते. बारा नगांचा सेट घेण्यापेक्षा ६, १२, १८ आणि २५ मिलिमीटरच्या चार बऱ्या पटाश्या घ्याव्यात आणि वाचलेले पैसे दगडावर घालावेत. विकत घेताना पटाशी डोळ्यासमोर आडवी धरून पाते पिळलेले नाही ना ते पाहावे. दोन्ही कडा जाडजूड असतील तर ती पटाशी डव्हटेलच्या (कबुतराच्या शेपटीसारख्या सांध्याच्या) कोपऱ्यात शिरत नाही. मुठीच्या टोकाला लोखंडी कडे नसेल तर हातोडीने ठोकू नये, लाकडी मोगरीच वापरावी.

नवी पटाशी कामाला तयार असते हा समज चुकीचा आहे. कारखान्यात तिला साधारण २५ अंशांचा उतार घासून दिलेला असतो, पण त्यावर चाकाचे ओरखडे तसेच असतात. पाठीवरही (उताराच्या मागच्या सपाट बाजूवरही) असतात, आणि खरी अडचण तीच. उतार आणि पाठ जिथे मिळतात तिथे धार तयार होते. पाठ खरबरीत राहिली तर उतार आरशासारखा केला तरी धारेला बारीक दाते राहणारच. तेव्हा आधी पाठ सपाट करावी. जाड काचेवर २२० नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून चिकटवावा आणि पाठ त्यावर घासावी. मग ४०० आणि शेवटी १००० (आकडा मोठा तितका कागद बारीक). पूर्ण पाठ घासायची गरज नाही, धारेकडची दोन-तीन सेंटिमीटर पुरे. मार्करने पाठ काळी करून चार हात मारले की कुठे टेकते आणि कुठे नाही ते लगेच दिसते. बोटांचा दाब धारेजवळ ठेवावा आणि मूठ किंचितही उचलू नये. मूठ उचलली की पाठीला धारेजवळ गोलाई येते, आणि ती काढायला सगळे काम पुन्हा करावे लागते. हे कष्ट प्रत्येक पटाशीमागे एकदाच पडतात.

पाणी लावून वापरायचे दगड दोन असावेत: १००० नंबरचा धार काढायला आणि ६००० च्या आसपासचा ती बारीक करायला. पात्याला मोठा खांडा पडला असेल तर त्याआधी ३०० किंवा ४०० नंबरची डायमंड प्लेट (हिऱ्याची पूड बसवलेली धातूची पट्टी) कामी येते. पाण्याच्या दगडावर तेल घालू नये. या दगडांचा एक दोष म्हणजे ते मध्यभागी लवकर झिजतात, आणि खोलगट दगडावर सरळ धार लागणे शक्य नाही. दगडावर पेन्सिलीने उभ्याआडव्या रेघा माराव्यात आणि काचेवरच्या २२० नंबरच्या वॉटर पेपरवर तो पाण्यात घासावा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला. हे दोन-तीन पटाश्यांनंतर करावे, महिन्याने नव्हे.

कोनाबद्दल फार गोंधळ असतो. मूळ उतार २५ अंशांचा ठेवावा आणि त्याच्या टोकाला ३० अंशांची अगदी अरुंद पट्टी काढावी. नुसते हाताने दाबून तासायच्या पटाशीला २५ चालतात. कडक लाकडात ठोकून खाच पाडायची असेल तर ३० ते ३५ लागतात, नाहीतर धारेचे तुकडे उडतात. कोनमापक नसला तरी अडत नाही. उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या बरोबर दुप्पट असेल तर कोन ३० अंश, आणि साधारण २.४ पट असेल तर २५ अंश. म्हणजे पाते ४ मिलिमीटर जाड असेल तर ३० अंशांचा पूर्ण उतार ८ मिलिमीटर भरतो आणि २५ अंशांचा सुमारे साडेनऊ. पट्टी लावून मोजता येते.

हात बसेपर्यंत पाते दोन्ही बाजूंनी पकडणारे, खाली चाक असलेले होनिंग गाइड बेलाशक वापरावे, त्यात कमीपणा काही नाही. या प्रकारच्या नेहमीच्या गाइडमध्ये पटाशी ४० मिलिमीटर बाहेर ठेवली की २५ अंश आणि ३० मिलिमीटर ठेवली की ३० अंश मिळतात. रंध्याच्या पात्यासाठी तेच आकडे ५० आणि ३८. प्रत्येक वेळी पट्टीने मोजण्यापेक्षा एका फळीच्या तुकड्यावर या अंतरांवर ठोकळे ठोकून ठेवावेत, दर वेळी तोच कोन मिळतो.

यापुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. १००० च्या दगडावर घासताना धारेच्या पाठीमागे पोलादाची अत्यंत बारीक कोर वळते. बोट पाठीवरून धारेच्या दिशेने, धार ओलांडत अलगद बाहेर नेले की ती हाताला लागते. ही कोर पात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग लागेपर्यंत दगड बदलू नये. ती वळली नसेल तर घासणे अजून धारेपर्यंत पोचलेलेच नाही, आणि मग पुढे ६००० च्या दगडावर कितीही वेळ घालवला तरी बोथट धारेला चकाकी येते, एवढेच. कोर सलग आली की बारीक दगडावर आठ-दहा हात, मग पाठ दगडावर पूर्ण टेकवून तीन-चार हात, पुन्हा उतार, पुन्हा पाठ, असे कोर निघून जाईपर्यंत करावे. शेवटी हिरवी क्रोमियम ऑक्साइडची वडी चोळलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर पाते फक्त मागे ओढावे. पुढे ढकलले तर चामडे कापते. पट्ट्यावर फार वेळ घासल्यानेही धार गोल होते.

धार अंगठ्यावर तपासू नये. पाते दिव्याखाली धरून धारेकडे सरळ पाहावे: बोथट जागी पांढरी रेघ चमकते, तेज धार दिसतच नाही. दुसरी परीक्षा पाइनसारख्या मऊ लाकडाच्या आडव्या कापावर घ्यावी. पातळ काप निघून खालचा भाग गुळगुळीत, चमकदार दिसला तर धार झाली. तिथे तंतू चुरडून पांढरट पडले तर झाली नाही. मऊ लाकूड यासाठी की ते बोथट पात्याला अजिबात दाद देत नाही; कडक लाकूड कमी धारेतही बरे कापले जाते आणि फसवते.

काम करताना नेहमीपेक्षा जास्त जोर लागतोय असे वाटले की थांबून पाते दगडावर न्यावे. बोथट पटाशी धारदार पटाशीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण तिच्यामागे अंगाचा जोर लावला जातो आणि ती सटकली की तो जोर आवरत नाही. दुसरा हात कायम धारेच्या मागे असावा आणि लाकूड हातात न धरता क्लॅम्पमध्ये.

घरच्या कार्यशाळेत सर्वांत जास्त पाती बेंच ग्राइंडरवर वाया जातात. हे यंत्र मिनिटाला तीन हजारांच्या जवळपास फेरे घेते, आणि धारेजवळ पोलाद इतके पातळ असते की उष्णता जायला वाव नसतो. काही सेकंदांत धारेवर निळा रंग चढतो. तो साधारण ३०० अंश सेल्सिअसला येतो, आणि साध्या कार्बन पोलादाचे पाणी, म्हणजे कडकपणा, तोवर उतरलेले असते. तो भाग मऊ पडला, त्याला लावलेली धार चार ठोक्यांत वळते. निळा भाग पूर्ण घासून काढण्यावाचून उपाय नाही. म्हणून ग्राइंडर फक्त खांडा काढायला वापरावा, हलक्या हाताने, दर दोन-तीन सेकंदांनी पाते पाण्यात बुडवत. बोट धारेजवळ ठेवावे. बोटाला चटका जाणवला की आधीच उशीर होत आला आहे असे समजावे.

रंधा एकच घ्यायचा तर ३५० मिलिमीटर लांबीचा, म्हणजे पाच नंबरचा घ्यावा. चार नंबरचा, सुमारे २४५ मिलिमीटरचा, शेवटचा हात मारायला उत्तम, पण लांब फळी त्याने सरळ होत नाही. तो खड्ड्यात उतरतो आणि उंचवट्यावर चढतो. रंध्याचा तळ पूर्ण सपाट असलाच पाहिजे असे नाही. पुढचे टोक, तोंडाच्या (पाते बाहेर येते त्या फटीच्या) लगेच पुढचा भाग आणि मागचे टोक एका पातळीत टेकले की झाले. तोंडाच्या पुढे खोलगट असेल तर मात्र तो तळ दुरुस्त करावाच, कारण पाते लागण्याआधी लाकडाला दाबून धरणारा भाग तोच आहे. तळ घासताना पाते आत ओढून पण घट्ट कसलेले ठेवावे, कारण कसण्याच्या ताणानेही तळ किंचित वाकतो.

रंधा गच्च होतो, सालपटे तोंडात अडकतात, अशी तक्रार नेहमीची. पाते आणि त्याच्यावर बसणारा चिपब्रेकर (सालपट मोडणारी लोखंडी पट्टी) एकत्र कसून उजेडासमोर धरावेत. दोघांच्या मधून उजेड दिसला तर सालपट तिथेच शिरते. चिपब्रेकरची कड दगडावर घासून ती पात्यावर पूर्ण बसवावी. खडबडीत कामाला चिपब्रेकर धारेपासून दीड-दोन मिलिमीटर मागे ठेवावा. शेवटच्या कामाला आणि उलटसुलट रेषांच्या लाकडाला अर्धा मिलिमीटर, जमल्यास त्याहूनही कमी. लाकूड उखडत असेल तर धार आणि चिपब्रेकर पाहण्याआधी फळीची बाजू पाहावी: रेषा ज्या दिशेने वर चढत जातात त्या दिशेनेच रंधा चालवायचा. पाते पुढे-मागे करायच्या चाकाला ढिलाई असते, म्हणून शेवटचा फेरा कायम पाते पुढे सरकवणारा असावा, नाहीतर काम चालू असताना पाते मागे सरते. फळीच्या सुरुवातीला जोर पुढच्या मुठीवर, शेवटी मागच्या. हे चुकले की फळीची दोन्ही टोके खाली जातात. तळाला मेणबत्तीचे मेण एकदा ओढले की ढकलायला लागणारा जोर बराच कमी होतो.

करवतीबाबत दोन गोष्टी विकत घेतानाच पाहाव्यात. पहिली, दातांचा आकार. लाकूड उभे चिरायच्या करवतीचे दात पटाशीसारखे सरळ घासलेले असतात, आडवे कापायच्या करवतीचे चाकूसारखे तिरपे. चिरायला इंचाला पाच ते सात दात, कापायला आठ ते दहा, कुसू (सांध्याच्या खाचेत बसणारी जीभ) आणि बारीक सांध्यांना बारा-चौदा. एकाच करवतीने सगळे करायला गेले की चिरताना वेळ जातो आणि कापताना कडा फाटतात. दुसरी गोष्ट, दातांचा रंग. टोके निळसर-काळी असतील तर ते दात इतके कडक केलेले असतात की त्यांवर कानस चालत नाही, उलट कानसच खराब होते. ओढून कापायच्या बहुतेक जपानी पद्धतीच्या करवतीही अशाच. त्यांचे पाते बदलायचे. धार लावत राहायची इच्छा असेल तर साध्या दातांची करवत शोधून घ्यावी. तिला आधी सपाट कानस दातांच्या माथ्यावरून लांबीच्या दिशेने फिरवावी, सगळे दात एका उंचीला येतात आणि प्रत्येकाच्या टोकावर चकाकता ठिपका दिसतो. मग तिकोनी कानशीने प्रत्येक खाच घासत जावी. ठिपका नाहीसा झाला की त्या दाताला आणखी एकही हात मारू नये.

दात आलटूनपालटून डावी-उजवीकडे वाकवलेले असतात, त्यामुळे काप पात्यापेक्षा रुंद होतो आणि करवत अडकत नाही. ही फाक इतकीच असावी की काप पात्याच्या जाडीच्या दीडपटीपलीकडे जाऊ नये. दात मुळातून वाकवला तर मोडतो, फक्त वरचा अर्धा भाग वाकवावा. करवत दर वेळी एकाच बाजूला वळत असेल तर त्या बाजूच्या दातांची फाक जास्त आहे. त्या बाजूने धारेचा बारीक दगड एकदाच अलगद फिरवून पुन्हा कापून पाहावे.

आखणीच्या हत्यारांत गुण्या (काटकोन आखायचे हत्यार) तेवढा पारखून घ्यावा. सरळ कडेच्या फळीवर गुण्या लावून रेघ मारावी, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारावी. दोन रेघा वेगळ्या पडल्या तर दिसणाऱ्या फरकाच्या निम्मी चूक गुण्यात आहे. सांध्यांची रेघ पेन्सिलीऐवजी चाकूने मारावी. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते. चाकूच्या खाचेत पटाशीची धार आपोआप बसते.

गंज हा हत्यारांचा कायमचा शत्रू. त्याचे एक कारण हातांचा घाम आहे: मिठाचा अंश पोलादावर राहतो आणि रात्रीतून बोटांचे ठसे तांबूस उमटतात. काम संपले की कोरड्या फडक्याने पुसून, शिलाई मशीनच्या तेलाचे बोट फिरवून ठेवावे. ओली सालपटे रंध्याच्या तोंडात राहू देऊ नयेत. सिलिकॉनचा फवारा मात्र कार्यशाळेत आणूच नये, तो लाकडावर उतरला की पॉलिश तिथे फाटते. पटाश्या चामड्याच्या पिशवीत महिनोन्‌महिने ठेवणेही चुकीचे, चामडे ओल धरते. लाकडी पेटीत सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. गंज चढलाच तर पात्याचा सुटा भाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवावा, ब्रशने घासावा, खायच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन लगेच कोरडा करावा आणि तेल लावावे. तासभर जरी तसाच ठेवला तरी नवा गंज धरतो. रंगवलेले किंवा क्रोमचे भाग व्हिनेगरमध्ये घालू नयेत.

विजेच्या यंत्रांतही धारेचाच प्रश्न आहे. गोल करवतीच्या १८५ मिलिमीटरच्या पात्याला चिरण्यासाठी २४ दात आणि प्लायवुड स्वच्छ कापायला ४० ते ६० लागतात. कापाच्या कडा करपू लागल्या की पाते बोथट झाले असे मानून लोक ते फेकतात. पुष्कळदा दातांवर राळ साचलेली असते. पाते काढून सोड्याच्या पाण्यात भिजवून नायलॉनच्या ब्रशने घासले की ते पुन्हा कापते. यंत्रातून ठिणग्या जास्त दिसू लागल्या, ताकद कमी झाली, तर मोटरमधले कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे ठोकळे) पाहावेत आणि झिजून पाच-सहा मिलिमीटर उरण्याआधी जोडीने बदलावेत. लांब एक्स्टेंशन वायर रिळावर गुंडाळलेली ठेवून वापरू नये. ती तापते, आणि वायर बारीक असेल तर यंत्राला विजेचा पुरेसा दाब मिळत नाही आणि मोटर जळते. पाते बदलताना प्लग काढावा, नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालू नयेत.

धुळीचा विषय थोडक्यात संपण्यासारखा नाही, तरी एवढे लिहितो. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. डोळ्यांना दिसणारा भुसा खाली बसतो. सँडरची बारीक धूळ तासन्‌तास हवेत राहते आणि झाडूने ती पुन्हा उडते. सँडरला व्हॅक्युम जोडावा, एन९५ मास्क काम संपल्यावरही काही वेळ लावलेला असावा. जवसाचे तेल, विशेषतः बेलतेल (उकळलेले जवसाचे तेल), लावलेली फडकी चुरगाळून डब्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता सोडते, आणि चुरगाळलेल्या घडीत ती कोंडून फडके आपोआप पेट घेते. फडकी एकेरी पसरून बाहेर वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावीत.

शेवटची विनंती छायाचित्रांबद्दल. अँगल ग्राइंडरला करवतीची दातेरी चकती लावून लाकूड कापणाऱ्या माणसाचे चित्र छापू नये. हे यंत्र मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेते, तर १८५ मिलिमीटरची गोल करवत पाच-सहा हजार. चकतीवर छापलेली कमाल गती ग्राइंडरच्या गतीपेक्षा कमी असेल तर दात निखळून उडू शकतात. ती गती जुळली तरी धोका टळत नाही. ग्राइंडरला लाकडावर टेकणारा तळपाट नसतो, कापात पाते अडकू नये म्हणून मागे असणारी पाचर नसते, गार्ड अर्धेच झाकते, आणि बऱ्याच यंत्रांचे बटण एकदा सरकवले की चालूच राहते. दात लाकडात अडकला की यंत्र क्षणात उलटे फिरून माणसाच्या अंगावर येते, आणि हातातून सुटल्यावरही फिरतच असते. गार्ड काढलेल्या यंत्राचे चित्रही तसेच टाळावे. वाचक मजकूर विसरतो, पण चित्रातल्यासारखे करून पाहतो.

आपला,
एक वाचक